दिवाळीत घेतलेला टीव्ही, फेब्रुवारीत बदललेला

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका निवृत्त जोडप्याने २०२३ च्या दिवाळीत सीताबर्डीवरून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. पक्कं बिल ३१,४९० रुपयांचं. सव्वा वर्ष टीव्ही उत्तम चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री त्याने आपलं आपण अपडेट घेतलं, आणि सकाळी लावला तर चित्राच्या आधी नियम-अटींचं पान आलं. तिथून सुरू झालेलं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

कोणाचं दुकानदाराशी, विमा कंपनीशी वाजलं की तक्रारीचा कागद लिहायला कॉलनीतले लोक माझ्याकडे येतात. मी वकील नाही, पण कागद नीट लावून देतो. या जोडप्यातले काका वीज कंपनीतून निवृत्त झालेले, काकू मराठी शाळेतून. दोघांना विचारूनच हे लिहितो आहे. त्यांची नावं, कंपनी आणि दुकान गाळलं आहे. अशी अपडेटं दुसऱ्याही कंपन्यांच्या टीव्हीवर येतात.

पडद्यावरचं पान

त्या सकाळी टीव्ही काकूंनी लावला होता. सहाला कीर्तन लागतं. पडद्यावर इंग्रजी मजकूर, बाणाच्या बटणाने खाली सरकवत न्यायचा. शेवटी तीन चौकोन: वापराच्या अटी, 'पाहण्याविषयीची माहिती' आणि 'तुमच्या आवडीच्या जाहिराती'. त्याखाली 'सगळं मान्य' असं निळं ठसठशीत बटण आणि शेजारी करड्या रंगावर करड्याच अक्षरांत 'नंतर'. 'नको' असं बटण नव्हतं. कीर्तन सुरू व्हायला आलं होतं, काकूंनी निळं बटण दाबलं.

मान्य केल्यावर टीव्ही सुरू झाला, पण घरचं पान वेगळं दिसत होतं. वरचा निम्मा पडदा जाहिरातीच्या पट्टीने व्यापला होता आणि काकूंनी ओळीने लावलेली ॲप खाली, दुसऱ्या रांगेत गेली होती. टीव्ही सुरू व्हायला वेळही जास्त लागू लागला. नातू सुट्टीवर आला होता. त्याच्यासमोर त्या पट्टीत रमीची जाहिरात फिरत होती. काकांचा पारा खरा चढला तो तिथे.

रविवारी पुतण्या आला. तो परसोडीच्या आयटी पार्कात कामाला आहे. त्याने सेटिंगमध्ये आत-आत जाऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकोनाची खूण काढली. लगेच दोन गोष्टी झाल्या. ॲपचं दुकान उघडेना, आणि रिमोटवरचं माइकचं बटण दाबलं की 'ही सोय वापरण्यासाठी अटी मान्य करा' असा निरोप येऊ लागला. खूण परत टाकली की दोन्ही सुरू. काढली की बंद. हा खेळ त्याने माझ्यासमोर करून दाखवला आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेऊन ठेवला. पुढे सगळ्या प्रकरणात हाच व्हिडिओ कामी आला.

तिघांची तीन गाऱ्हाणी

माझ्यापुढे प्रकरण आलं तेव्हा एका टीव्हीवर तीन माणसं तीन वेगळ्या कारणांनी चिडलेली होती, आणि प्रत्येकाला आपलंच कारण खरं वाटत होतं.

काकांचं म्हणणं मालकीचं. "पैसे मी मोजले न भाऊ? मग टीव्ही कोणाचा? माझ्या घरात, माझ्या भिंतीवर हे लोकं बोर्ड लावून राहिले, अन् मलाच म्हणतात मान्य करा."

काकूंना मालकी, माहिती वगैरे कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांची बोटं आखडतात. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचत 'कीर्तन' लिहायचं म्हणजे त्यांना शिक्षा. माइकचं बटण दाबून मराठीत बोलायचं, की आलं, ही सोय पाहूनच त्यांनी हा टीव्ही पसंत केला होता. "मला काहीच नको, माझं बोलायचं बटण तेवढं चालू करून द्या," एवढंच त्या म्हणत.

पुतण्या कंपनीच्या बाजूचा नव्हता, पण काकांच्याही नव्हता. "काका, हाच टीव्ही आठ वर्षांपूर्वी किती हजाराला मिळाला असता? उरलेले पैसे ते तुमच्या पाहण्यातून वसूल करतात. तुम्हाला स्वस्त पायजे होता, मिळाला."

पुतण्याचं म्हणणं हवेतलं नाही. अमेरिकेतल्या वॉलमार्टने डिसेंबर २०२४ मध्ये विझिओ ही टीव्ही कंपनी २.३ अब्ज डॉलरला घेतली, आणि तिचा जाहिरातीचा धंदा हे त्या खरेदीचं उघड कारण होतं. पण काकांनी त्याला जे उत्तर दिलं तेही सोडण्यासारखं नाही: "मग हे दुकानात सांगायचं होतं. चाळीस हजार अन् बिनजाहिरातीचा, एकतीस हजार अन् जाहिरातीचा, असे दोन ठेवायचे होते समोर. मी ठरवलं असतं." सगळ्या प्रकरणात मला सर्वात पटलेलं वाक्य हेच. स्वस्ताईचा सौदा करायला हरकत नाही, पण सौदा दोघांना माहीत असावा लागतो आणि तो विकताना व्हावा लागतो.

टीव्ही पाहतो म्हणजे काय

काकूंच्या बहिणीची खात्री होती की टीव्ही ऐकतो. गुडघ्याच्या पट्ट्याविषयी बोललो आणि तीच जाहिरात आली, असं त्या शपथेवर सांगत. ही गोष्ट घरोघरी ऐकू येते. पुराव्याशिवाय मी ती तक्रारीत घालत नाही, आणि मुळात तिची गरजही पडत नाही. टीव्ही जे उघडपणे करतो तेवढंच पुरेसं आहे.

पडद्यावर जे चित्र चाललं आहे त्याचे ठरावीक वेळाने नमुने घ्यायचे, त्यांचा एक छोटा ठसा बनवायचा, तो कंपनीच्या सर्व्हरवरच्या ठशांच्या साठ्याशी ताडायचा, आणि कोणत्या घरात कोणता कार्यक्रम किंवा जाहिरात किती वेळ चालली ते नोंदवायचं, असं हे तंत्र आहे. 'पाहण्याविषयीची माहिती' या साध्या नावाखाली साधारण हेच येतं. लंडनमधल्या आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या टीव्हींची तपासणी केली. एचडीएमआयच्या तारेने जोडलेल्या यंत्रावरचं चित्रही टीव्ही ओळखतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सेट टॉप बॉक्स, नातवाचा गेम, लॅपटॉप, सगळं. उलट, टीव्हीतल्याच काही मोठ्या व्हिडिओ ॲपवर पाहताना हे ठसे जात नव्हते. आणि सेटिंगमध्ये नकार दिल्यावर ती ये-जा थांबली. नकाराला काही अर्थ नसतो असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं लक्षात घ्यावं.

अपडेटने जुन्या टीव्हीत हे तंत्र घुसवण्याचा प्रकारही नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी तिथली सरकारी संस्था) आणि न्यू जर्सी राज्याने मिळून फेब्रुवारी २०१७ मध्ये याच विझिओकडून २२ लाख डॉलर भरून घेतले. १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांचं पाहणं त्यांना न कळता टिपलं, आणि आधीच विकलेल्या संचांत ही सोय दुरून बसवली, असा आरोप होता.

पुतण्याने घरच्या राउटरमधली, टीव्हीने नेटवर केलेल्या संपर्कांची यादी काढली. टीव्ही बंद दिसत असतानाही रात्री काही वेळा बाहेर संपर्क करत होता. काकांना ही यादी म्हणजे रंगेहाथ पकडल्याचा पुरावा वाटली आणि कंपनीला पाठवायच्या नोटिशीत 'हेरगिरी' हा शब्द टाकायचा त्यांनी आग्रह धरला. मी तो टाकला नाही. संपर्क झाला एवढं यादीवरून कळतं. काय पाठवलं ते कळत नाही, कारण मजकूर कुलूपबंद असतो. बंद टीव्ही अपडेट तपासायलाही बाहेर जातो. कंपनीने एवढंच उत्तर दिलं असतं आणि आमचं बाकीचं खरं म्हणणंही त्या एका शब्दासोबत वाहून गेलं असतं.

माळ्यावरचं खोकं

काकांना कोणतंही खोकं टाकवत नाही. नोकरीत बदल्या झालेल्या माणसाची सवय. काकू दर दिवाळीला ती रद्दीत द्यायला निघतात, दर दिवाळीला वाद होतो. टीव्हीचं खोकं माळ्यावर, कूलरच्या जुन्या गवताच्या टट्ट्यांमागे उभं होतं. ते खाली काढलं तेव्हा नोटिशीचा पायाच हाताला लागला.

खोक्याच्या बाजूला सहा चित्रं छापलेली होती. तिसरं माइकचं आणि चौथं ॲपच्या दुकानाचं. खाली बारीक टाइपात इंटरनेट लागेल असं होतं. पाहण्याची माहिती द्यावी लागेल किंवा जाहिराती घ्याव्या लागतील, असं कुठेही नव्हतं. प्रत्येक बाजूचे फोटो काढले. बिल, वॉरंटी कार्ड आणि टीव्हीच्या पाठीवरचा अनुक्रमांक एका चौकटीत घेतला. टीव्ही सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेचा व्हिडिओ शेजारी भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा घेतला. अशा फायली पुढे ग्राहक आयोगापुढे द्यायच्या तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. म्हणून ज्या मोबाइलवर टिपलं तो जपून ठेवा आणि व्हिडिओ कापू-जोडू नका, एवढं मी पुतण्याला बजावलं.

खोकं इतकं महत्त्वाचं का, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालातला 'दोष' फक्त मोडण्या-तुटण्याचा नाही. विकणाऱ्याने मालाबद्दल ज्या दर्जाचा दावा केला त्यात कमी पडणं हाही दोष, आणि तो दावा कोणत्याही प्रकारे केलेला चालतो. खोक्यावर छापलेलं चित्र हा दावाच आहे. म्हणून काकूंचं साधंसुधं गाऱ्हाणं, बोलायचं बटण बंद पडलं, हे कायद्याच्या दृष्टीने तिघांत सर्वात भक्कम निघालं. काकांना ते रुचलं नाही. त्यांना तत्त्वावर लढायचं होतं आणि मी त्यांना बटणावर लढायला सांगत होतो.

खासगीपणाचा मुद्दा आपल्या कायद्यात नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो मूलभूत हक्क ठरवला. ग्राहक कायद्यातही, ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण या घरात कोणी माहिती 'दिली'च नव्हती, टीव्हीने ती टिपली होती. आणि ती पुढे कोणाला दिली हे आम्ही दाखवू शकत नव्हतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पडद्यावरच्या फसव्या रचनांविरुद्ध ('डार्क पॅटर्न') मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. त्यांतल्या 'सक्तीची कृती'मध्ये माहिती द्यायला भाग पाडणं येतं, आणि एक बटण ठळक करून दुसरं दडवणंही वेगळ्या प्रकारात येतं. निळं आणि करडं बटण तिथे नेमकं बसतं. अडचण एवढीच की सक्तीच्या कृतीची व्याख्या मुख्यतः खरेदी करताना होणाऱ्या सक्तीची आहे, आणि काकांची खरेदी तर कधीच झालेली होती. नोटिशीत तो मुद्दा ठेवला, पण दुसऱ्या क्रमांकावर.

दारोदार

दुकानदाराकडे आधी गेलो. माणूस सज्जन, जुना गिऱ्हाईक म्हणून त्याने चहा मागवला. पण म्हणाला, "साहेब, आम्ही डबा विकतो. आतलं सगळं कंपनीचं."

कंपनीच्या फोनवर तिकीट नंबर मिळाला आणि सल्ला मिळाला: फॅक्टरी रीसेट करा. तो केला, आणि प्रकरण आणखी वाईट झालं. रीसेट केल्यावर टीव्ही जुन्या रूपात जात नाही. नव्याच सॉफ्टवेअरवर कोरा होऊन उभा राहतो आणि तेच पान पहिल्यापासून दाखवतो. असल्या प्रकरणात कोणी फोनवर रीसेट सांगितलं तर आधी फोटो-व्हिडिओ घ्या. नाहीतर आपलाच पुरावा आपल्या हाताने पुसला जातो. नंतर एक तंत्रज्ञ आला. वॉरंटी संपली म्हणून त्याने येण्याचे पैसे घेतले, संच तपासला आणि 'हार्डवेअर ठीक' असं लिहून दिलं. त्या कागदाने आमचंच भलं झालं. संच ठीक, म्हणजे सोय बंद पडलेली नाही, बंद केलेली आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. तिला हुकूम देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीकडून लेखी उत्तर निघतं. ते निघालं: अपडेट सुरक्षेसाठी आहे आणि अटी ग्राहकाने मान्य केल्या आहेत. मग मार्च अखेरीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नोटीस पाठवली. तिचं मुख्य वाक्य असं होतं: 'विक्रीच्या वेळी खोक्यावर छापलेल्या दोन सोयी, ग्राहकाने नवी अट नाकारली एवढ्याच कारणावरून, विक्रीनंतर १५ महिन्यांनी बंद करण्यात आल्या.' मागण्या तीन: दोन्ही सोयी बिनशर्त सुरू करा, टीव्ही पूर्वीच्या वेगाने चालू द्या, घरच्या पानावरची जाहिरातपट्टी काढा. दुकानदारालाही प्रत पाठवली. तो नाराज झाला, पण विक्रेत्याला बाजूला ठेवून तक्रार अर्धवट राहते.

कंपनीचं उत्तर

उत्तर दोन पानी इंग्रजीत आलं. त्यातला सुरक्षेचा मुद्दा मी हलका धरत नाही. ज्या टीव्हीला अपडेट मिळणं बंद झालं तो घरच्या नेटला धोका असतो, आणि कंपनी अपडेट देते ही चांगलीच गोष्ट आहे. पण सुरक्षेच्या दुरुस्तीला जाहिरातपट्टी आणि पाहण्याची माहिती का लागावी, याचं उत्तर त्या दोन पानांत नव्हतं. औषधाच्या पुडीत चिंचोके घालून विकावेत तसं हे.

दुसरा मुद्दा: सुरुवातीला टीव्ही लावताना 'सोयी बदलू शकतात' ही अट मान्य केली आहे. खरा कायद्याचा प्रश्न हाच. ग्राहकाला गैरसोयीत टाकणारी अवाजवी अट असलेल्या कराराला कायदा 'अनुचित करार' म्हणतो, आणि अशी अट रद्द ठरवता येते. मात्र ते जिल्हा आयोगाच्या हातात नाही; त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात बसतं, त्यामुळे मुंबईची वारी टळते. तरी ३१ हजारांच्या टीव्हीसाठी राज्य आयोगापर्यंत जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. अटी लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असणार.

तिसरा मुद्दा धमकीवजा होता: वाद लवादाकडे, म्हणजे कोर्टाबाहेरच्या पंचाकडे, न्यायचा आणि तोही दुसऱ्या शहरात. इथे मात्र काकांची बाजू पक्की होती. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आम्ही हे दोन ओळींत कळवलं आणि १५ दिवसांत समाधान न झाल्यास जिल्हा आयोगात तक्रार दाखल करू, असं लिहिलं. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असली तर तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. कंपनीलाही हे माहीत असतं. वकील उभा करायचा खर्च तिचा, तक्रारदाराचा फक्त वेळ.

एक प्रश्न कंपनीने काढला नाही, पण तो काढू शकली असती: मान्य कोणी केलं? बिल काकांचं, बटण काकूंनी दाबलं, जाहिरात नातवाने पाहिली. मोबाइल एका माणसाचा असतो. टीव्ही घराचा असतो, आणि रिमोट कोणाच्या हातात आहे हे त्याला कळत नाही. एकाच्या 'मान्य'वर घरातल्या सगळ्यांचं पाहणं टिपायचं, ही या तंत्राची मुळातली गफलत आहे आणि तिच्यावर कोणाकडेच नीट उत्तर नाही.

काय मिळालं, काय राहिलं

एप्रिल सरता-सरता कंपनीचा एक इंजिनिअर पेनड्राइव्ह घेऊन आला. या वेळी पैसे मागितले नाहीत. बाहेर ऊन मी म्हणत होतं, काकूंनी त्याला आधी ताक दिलं. त्याने टीव्हीत वेगळी आवृत्ती टाकली. त्यानंतर दुसरे-तिसरे चौकोन कोरे ठेवूनही माइक चालू लागला आणि ॲपचं दुकान उघडू लागलं. सुरू होण्याचा वेळही कमी झाला. म्हणजे त्या सोयींना ती माहिती लागतच नव्हती, हे कंपनीनेच आपल्या हाताने सिद्ध केलं. ई-मेलमध्ये मात्र 'सदिच्छा म्हणून' असं लिहिलं होतं, आणि सोबत पुढच्या खरेदीवर २,००० रुपयांचं कूपन. काकांनी कूपन परत केलं.

जाहिरातपट्टी राहिली ती राहिलीच. तिसरी मागणी कंपनीने मानली नाही, आणि जिल्हा आयोगापुढे ती कितपत टिकेल याची मलाही खात्री देता आली नाही. खोक्यावर 'जाहिरात नाही' असं कोणी छापलेलं नव्हतं. पुतण्याने तोडगा सुचवला: टीव्हीचं नेट काढा, टीव्हीला जोडायची वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावा. त्याने पट्टी जाते हे खरं. पण मग स्टिकवाल्या कंपनीच्या अटी येतात, आणि स्मार्ट म्हणून घेतलेल्या टीव्हीच्या स्मार्टपणासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. काकांनी साफ नाही म्हटलं.

काकूंच्या लेखी प्रकरण त्याच दिवशी संपलं. काकांच्या लेखी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम निघाले तेव्हा पेपर घेऊन ते माझ्याकडे आले. २०२३ चा हा कायदा त्यांच्या बाजूने बरंच बोलतो. संमती मुक्त, नेमकी आणि बिनशर्त असावी, ज्या कामासाठी घेतली त्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच असावी. ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं. आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीखेरीज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचता यावी. कायद्यातच उदाहरण आहे: घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. टीव्हीचं माइक बटण आणि पाहण्याची माहिती यांना हे उदाहरण जसंच्या तसं लागू पडतं. मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायलाही या कायद्यात मनाई आहे.

पण ही कलमं नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. शिवाय सुरक्षेत ढिलाई केली तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, तो सरकारी तिजोरीत जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलमाखाली हलगर्जीपणाबद्दल माणसाला स्वतः भरपाई मागता येत होती, ते ४३ अ हा नवा कायदा काढून टाकतो. काकांनी हे दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे पाहिलं माझ्या घरात, अन् दंड दिल्लीला?" ग्राहक आयोगाचा रस्ता म्हणूनच महत्त्वाचा. तिथे मिळणारी भरपाई तक्रारदाराच्या हातात पडते.

ग्राहक तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. अपडेट फेब्रुवारी २०२५ चं, म्हणजे फेब्रुवारी २०२७ पर्यंत. डेटा कायद्याची संमतीची कलमं त्यानंतर तीन महिन्यांनी जागी होतील. त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही, असं मी काकांना सांगितलं. दोन वाटा ठेवल्या. सारखंच गाऱ्हाणं असलेले अनेक ग्राहक आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करू शकतात. आणि अनेक ग्राहकांच्या हिताला बाधा येत असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, दिल्लीला धावावं लागत नाही.

काकांनी पहिली वाट धरली आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांत त्यांना याच कंपनीचा टीव्ही असलेली आणखी तीन घरं सापडली. दोघांकडे बिल आहे. तिसऱ्याने ते व्हॉट्सॲपवर घेतलं होतं आणि फोन बदलताना गेलं. दुकानातून त्याची नक्कल मिळवायला काका त्याला घेऊन बुधवारी बर्डीवर जाणार आहेत. पुतण्या म्हणतो, एवढ्या वेळात नवीन टीव्ही आला असता. तरी ते जुने व्हिडिओ त्याने पेनड्राइव्हवर काढून दिले आहेत आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर सही कोणी करायची ते विचारायला त्याचा परवा मला फोन आला होता.